कळलं म्हणजे आलं का?

परवा भाचा घरी आला होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहतो. चहा होईपर्यंत त्यानं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला आणि क्रेब्ज चक्रावरचं, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या रासायनिक साखळीवरचं, लेक्चर दीडपट वेगानं लावलं. मधेच कुणीतरी फॉर्म पाठवला, ‘ऑनलाइन शिक्षणासाठी आपण किती तयार आहात?’ सगळीकडं ‘पूर्णपणे सहमत’वर बोट ठेवून अर्ध्या मिनिटात मोकळा. लेक्चर संपल्यावर मी टेबलावरचं लाइट बिल उलटं करून पुढं सरकवलं. म्हटलं, काढ चक्र. ॲसिटिल को-ए आलं, सायट्रेट आलं, तिथनं एक बाण निघाला आणि कागदाच्या कडेला जाऊन थांबला.

“आत्ताच बघितलंय की मामा! बघताना सगळं कळत होतं.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. कळत होतंच.

तयारी म्हटलं की आपण मोबाइल, डेटा आणि रेंज मोजतो. गगनबावड्याच्या डोंगरातल्या पोराला विचारा, तो प्रश्न संपलेला नाही. पण तो निदान दिसतो तरी. संशोधक थोडं पुढं जातात. २०१० मध्ये तैवानच्या विद्यार्थ्यांवर तपासलेली एक प्रश्नावली आहे, तीत पाच गोष्टी विचारतात: स्वतःहून शिकणं, शिकण्याची ओढ, शिकण्यावरचा ताबा, संगणक-इंटरनेटबद्दलचा आत्मविश्वास आणि ऑनलाइन संवादाचा आत्मविश्वास. प्रश्नावली चांगली आहे. पण सगळी उत्तरं विद्यार्थ्यानं स्वतःबद्दल द्यायची, आणि मेंदू नेमका इथंच आपल्याला फसवतो.

२००६ चा रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काही वेळा उतारा दोनदा वाचायचा. काही वेळा एकदा वाचून बाजूला ठेवायचा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं पारडं फिरलं, वाचणारे ४२ वर आणि लिहिणारे ५६ वर. दुसऱ्या प्रयोगात चार वेळा वाचणारे आठवड्यानं ४० वर आले. एकदा वाचून तीनदा आठवणारे ६१ वर. आणि ‘आपल्याला छान लक्षात राहणार’ अशी खात्री सर्वांत जास्त कुणाला होती? चार वेळा वाचणाऱ्यांना!

असं का होतं? रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मांडलेली कल्पना अशी: प्रत्येक आठवणीला एक नाही, दोन मापं असतात. एक ‘रुजवण’, म्हणजे ती किती खोल गेली. दुसरं ‘हाताशी असणं’, म्हणजे या क्षणी ती किती पटकन सापडते. लेक्चर बघताना दुसरं माप झपकन वर जातं आणि तितकंच झपकन खाली येतं. ‘कळलं, कळलं’ ही भावना फक्त या दुसऱ्या मापाकडं बघून येते. रुजवण आतून जाणवतच नाही.

आता गंमत बघा. आठवण जितकी जास्त हाताशी, तितकी त्या क्षणी पुन्हा बघून रुजवण कमी वाढते. म्हणजे लेक्चर संपताच तेच परत लावणं जवळपास वाया. उलट, अर्धवट विसरल्यावर, डोकं खाजवत ओढून काढलेली गोष्ट सर्वांत जास्त रुजते. विसरणं हा इथं शत्रू नसून भांडवल आहे. दोन्ही मापं एकमेकांत गुंतलेली आहेत हे पहिल्या वाचनात डोक्यात शिरत नाही. माझ्याही शिरलं नव्हतं.

बघून कळणं आणि करता येणं यांतलं अंतर कुस्तीतही दिसतं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसून कुस्ती बघणाऱ्या प्रत्येकाला धोबीपछाड डाव ‘कळतो’. लाल मातीत उतरला की खांदा कुठं घालायचा हेच सुचत नाही. २०१८ मध्ये हेही तपासून झालंय: मूनवॉकचा, म्हणजे मायकल जॅक्सनच्या त्या मागं सरकत जाण्याच्या नाचाचा, व्हिडिओ २० वेळा बघणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, पाय मात्र एकदा बघणाऱ्यांसारखेच पडले.

  

वर्गात आठवण ओढून काढण्याचं काम सर करतात. “मागच्या बाकावरचा, उठ, सायट्रेटनंतर काय?” घाम फुटतो आणि रुजवण वाढते. ऑनलाइनमध्ये तो आवाज गेला. ‘स्वयम्’ हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात. म्हणजे उठवणारे सर आता पोरांनी स्वतःच व्हायचं. लेक्चर बंद करायचं, वही मिटायची, कोऱ्या कागदावर काढायचं, दोन दिवसांनी पुन्हा. मला विचाराल तर फॉर्ममध्ये एकच प्रश्न पुरे: गेल्या आठवड्यात किती वेळा व्हिडिओ थांबवून स्वतःला प्रश्न विचारला?

भाचा रविवारी परत आला. या वेळी आयसोसायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटारेट, सक्सिनिल को-ए असं करत मॅलेटपर्यंत पोचला, फक्त फ्युमरेट राहिलं. लाइट बिल अजून भरायचंय, आणि त्याच्या मागच्या बाजूला आता जागा उरलेली नाही.