गाडी नेमकी केव्हा तापते?

‘गाडी तापतेय’ एवढंच सांगून किल्ली गॅरेजात ठेवली, की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी कूलंट, म्हणजे इंजिनातली उष्णता वाहून नेणारं द्रव, बदललं जातं, मग त्याची वाट उघडझाक करणारा थर्मोस्टॅट, मग ते थंड करणारी जाळी म्हणजे रेडिएटर. तरीही काटा वर जात राहिला तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडायची भाषा सुरू होते. यातला बराचसा खर्च एका प्रश्नाने टळू शकतो: गाडी तापते ती केव्हा? सिग्नलला उभी असताना, घाट चढताना, की सुरू केल्यावर पाचच मिनिटांत? तिन्ही वेळा काटा लाल रेषेकडेच जातो, पण दुखणं तिन्ही वेळा वेगळं असतं.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा प्रत्यक्ष कामी येते. जवळपास तितकीच सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेल्यातली बहुतेक कूलंटच्या वाट्याला येते. जोरात पळणारी गाडी कूलंटमध्ये २० किलोवॅट उष्णता ओतते असं धरा. घरातला साठवणीचा गीझर साधारण २ किलोवॅटचा असतो, म्हणजे हे १० गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं झालं. आत ५ लिटर पाणी असेल आणि ते जागचं हललंच नाही, तर ३० अंशांवरून उकळीला यायला त्याला सव्वा मिनिटही लागणार नाही. तसं होत नाही, कारण वॉटर पंप ते मिनिटाला चाळीसेक लिटर या वेगाने फिरवत असतो आणि रेडिएटरमधून जाताना ते सात-आठ अंशांनी थंड होऊन परत येतं. पाण्याने उष्णता उचलायची, पंपाने ती वाहून न्यायची, हवेने ती घेऊन जायची, अशी ही तीन हातांची साखळी आहे. कोणता हात सुटला ते गाडी तापण्याची वेळ सांगते.

शहरातल्या गर्दीत काटा चढतो आणि रस्ता मोकळा होऊन गाडी ६०च्या वेगाला लागली की खाली येतो, असं असेल तर हवेचा हात सुटलाय. पळत्या गाडीत समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम फॅनचं. त्याची पहिली परीक्षा फुकट आहे: इंजिन चालू ठेवून एसी लावा. एसी लावला की बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन लगेच किंवा काही सेकंदांत फिरू लागतो. फिरला नाही तर फ्यूज पाहा, मग फॅनचा रिले (विजेने चालणारा स्विच) शेजारच्या तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहा. तरीही फॅन गप्प राहिला तर त्याचा कनेक्टर काढून बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या. असा फिरला तर मोटार चांगली आहे आणि दोष वायरिंगमध्ये, रिलेत किंवा सेन्सरमध्ये आहे. थेट करंट देऊनही हलला नाही तर मोटारच गेलीय, बहुतेकदा तिचे ब्रश संपलेले असतात. एसीवर फॅन फिरतो, पण एसी बंद असताना इंजिन १०० अंशांच्या पुढे गेलं तरी लागत नाही, अशा वेळी संशय टेम्परेचर सेन्सरवर घ्यावा. हे काम करताना हात आणि ओढणी-मफलर लांब ठेवा, कारण इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो.

फॅन ठीक असूनही हवा जात नसेल तर रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून पाहा. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीतही त्या फटीत धूळ, किडे आणि सुकलेल्या पानांची अक्षरशः गोधडी जमलेली असते. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने आणि साध्या नळाच्या दाबानेच मारावं. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पातळ पट्ट्या (फिन्स) आडव्या होतात आणि वाट आणखी बंद होते. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं तुटलं असेल तर तेही बसवून घ्या. ते नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी शेजारचीच गरम हवा घुसळत बसतो.

आता उलटा प्रकार. गावात गाडी शहाण्यासारखी चालते, पण खंबाटकी किंवा बोर घाट चढताना, चार माणसं, सामान आणि एसी घेऊन, काटा सरकू लागतो. इथे उष्णता जास्त तयार होतेय आणि वाहून नेणारा किंवा बाहेर टाकणारा भाग कमी पडतोय. कूलंट कमी असणं, रेडिएटरच्या नळ्या आतून चोक होणं आणि पंप अशक्त होणं, हे इथले मुख्य संशयित.

नळ्या चोक का होतात याचं उत्तर आपल्या बोअरवेलमध्ये आहे. कमी झालं की बाटलीतलं पाणी ओतायची सवय सगळ्यांनाच असते. जड पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडून धातूला चिकटतो, गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच. हा थर उष्णतेला धातूच्या कितीतरी पट कमी वाट देतो, शिवाय अरुंद नळ्यांची तोंडंही बुजवतो. ‘महाराष्ट्रात बर्फ कुठे पडतो, मग कूलंट कशाला?’ असं विचारणारे भेटतात. बर्फाचा प्रश्नच नाही. कूलंटमधली गंजरोधक रसायनं अॅल्युमिनियम, रबर आणि पंपाचं सील जपतात आणि त्यातल्या मुख्य घटकामुळे, ग्लायकॉलमुळे, उत्कलनबिंदूही वाढतो. म्हणून संहत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्यावं. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालू नये. नुसतं ग्लायकॉल ओतणंही चूक, कारण ते पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतं. रंगावर मात्र विसंबू नका. हिरवं, लाल, निळं हा प्रत्येक कंपनीचा स्वतःचा मामला आहे आणि वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र आली की कधीकधी त्यांचा लगदा होतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच प्रकार घ्या. ग्लायकॉल गोड आणि विषारी असतं, त्यामुळे काढलेलं कूलंट मुलांच्या किंवा कुत्र्यामांजरांच्या वाटेत ठेवू नये.

चोक झालेला रेडिएटर ओळखायला लांबून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर कामाला येतं. इंजिन पूर्ण तापल्यावर रेडिएटरच्या जाळीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत जा. तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथून पाणी जातच नाही. चकचकीत धातूवर हे यंत्र फसतं आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजावं. पंपाची खूण वेगळी. त्याच्या शाफ्टखाली मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं आणि त्यातून ओघळ आला असेल तर सील गेलंय. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चक्र, गंजून झिजला असेल, किंवा प्लॅस्टिकचा इम्पेलर शाफ्टवर सैल झाला असेल, तर बाहेरून काहीच दिसत नाही. जास्त वेगाला काटा चढणं आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही कोमट हवा येणं, एवढ्यावरूनच अंदाज बांधावा लागतो.

थर्मोस्टॅटवर थोडं थांबायला हवं, कारण त्याच्यावर जितका अन्याय होतो तितका दुसऱ्या कुठल्याच भागावर होत नसेल. तांब्या-पितळेच्या डबीत मेण भरलेलं असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. ना वीज, ना सेन्सर. गाडी सुरू करून काही मिनिटांतच तापली, इंजिन कढत आहे पण रेडिएटरचा होज पाइप मात्र गार आहे, तर हा दरवाजा बंद अवस्थेतच अडकलाय. काढून तपासणं सोपं आहे. पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांपासून दोन-तीन अंशांत तो हलू लागला पाहिजे आणि ९५च्या सुमारास चांगला उघडा दिसला पाहिजे.

बऱ्याच ठिकाणी मात्र ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ म्हणून तो काढूनच टाकतात. हा उपाय नव्हे. इंजिन गारठलेलं राहतं, त्यामुळे संगणक त्याला अजून थंडच समजून जास्त पेट्रोल देत राहतो आणि अॅव्हरेज पडतं. ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. गंमत म्हणजे अनेक इंजिनांत उघडा थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करत असतो. तोच काढला की कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो, आणि गाडी तापते म्हणून काढलेल्या थर्मोस्टॅटमुळेच घाटात ती जास्त तापते.

दोन-अडीचशे रुपयांच्या झाकणाकडेही कुणी पाहत नाही. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आणि रिंग एकत्र. ते सुमारे ०.९ ते १.१ बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला उघडं पाणी साडेपंचाण्णवच्या सुमारासच उकळतं, म्हणजे झाकणाची स्प्रिंग ढिली झालेली गाडी वर पोचेपर्यंत तिची दोन्हीकडून गळचेपी होते. इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणातला उलटा, हवा आत घेणारा व्हॉल्व्ह अडकलाय. बाजूच्या टाकीतलं कूलंट कडेपर्यंत चढतं पण परत रेडिएटरमध्ये येत नाही, हीसुद्धा त्याचीच खूण.

हे झाकण गरम इंजिनवर का उघडू नये याचा हिशेब करून पाहा. १२० अंशांच्या पाण्यावरचा दाब एकदम सुटला की दर लिटरमागे ३५-४० ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते. तिचं आकारमान ६० लिटरच्या आसपास भरतं आणि ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन थेट तोंडावर येते. पाऊण तास थांबा. वरचा होज दाबून तो मऊ लागला तरच जाड फडका ठेवून झाकण हळू फिरवा.

काट्यावरही फार भरवसा नको. काही लहान गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा. नव्या गाड्यांत काटा असला तरी साधारण ८० ते १०० अंशांच्या पट्ट्यात तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, म्हणजे तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या) लागणारा ब्लूटूथ अडॅप्टर मोबाइलवर खरा आकडा दाखवतो. एक सापळा मात्र ध्यानात असू द्या: कूलंट सगळं वाहून गेलं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबत राहतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली उतरलेला दिसू शकतो. काटा अचानक पडला आणि हीटरमधून गार हवा आली तर तो सुटकेचा नव्हे, थांबण्याचा इशारा आहे.

दर आठवड्याला कूलंट कमी होतंय आणि जमिनीवर थेंब नाही, तेव्हा हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, विचार करावा. अॅल्युमिनियम तापून बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा ४० अंश जास्त तापलं तर ते सुमारे ०.३७ मिलिमीटर वाढतं आणि त्याखालचा बिडाचा ब्लॉक ०.१८च. बोल्टांनी जखडलेलं हेड मग वाकतं. हेडची सपाटी बिघडल्याची मर्यादा बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, यावरून एकदाच तापलेली गाडी का महाग पडते ते कळेल. लक्षणं अशी: थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांत होज दगडासारखा टणक, रेडिएटरच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे, गरम इंजिनमधूनही पांढरा गोडसर वासाचा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. नुसत्या ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट फेस पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही येतो, त्यावर निकाल देऊ नये. हेड उघडण्याआधी गॅरेजवाल्याकडे निळ्या द्रवाची चाचणी मागा. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा त्या द्रवातून ओढतात, आणि तिच्यात जळक्या वायूचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो.

रस्त्यातच काटा चढू लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. चैत्रात हे असह्य होतं, पण सुरक्षित जागी पोचेपर्यंत वेळ मिळतो. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की मात्र जिथे बाजूला घेता येईल तिथे इंजिन बंद. कढत इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

दुरुस्तीनंतरचं शेवटचं काम हमखास घाईत उरकलं जातं. कूलंट भरताना आत अडकलेली हवा पंपापाशी किंवा सेन्सरपाशी गोळा होते आणि नवे भाग घालूनही गाडी पुन्हा तापते. गाडीचं तोंड चढाला लावा, हीटर गरमवर ठेवा, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर उघडा आणि कूलंट सावकाश ओता. स्क्रूतून सलग धार आली की तो बंद करा, झाकण बसवा आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. रात्रभर गार होऊ द्या. सकाळी पातळी पुन्हा पाहा, बहुतेक वेळा कपभर तरी कमी झालेलं असतं.