थकीत कर, लिलाव आणि उरलेली रक्कम

मालमत्ता कर थकला आणि पालिकेने घर लिलावात काढले, की आलेली सगळी रक्कम पालिकेचीच, हा समज गिरगावातल्या चाळीपासून मुलुंडच्या सोसायटीपर्यंत पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 प्रमाणे थकबाकी, दंड आणि विक्रीचा खर्च वळता करून उरलेल्या रकमेवर मालकाचा हक्क राहतो. मात्र त्यासाठी आयुक्तांकडे मुदतीत लेखी अर्ज करावा लागतो, आणि लोक चुकतात ते नेमके इथेच. अमेरिकेतील मिनेसोटात मात्र हेनेपिन काउंटीने सुमारे 15,000 डॉलरच्या थकबाकीपोटी जेराल्डीन टायलर या वृद्धेचा फ्लॅट घेऊन तो 40,000 डॉलरना विकला आणि वरचे 25,000 स्वतःकडेच ठेवले; 2023 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने टायलर यांच्या बाजूने निकाल दिला.