वॉलमार्ट विरुद्ध नेटफ्लिक्स : टपालाच्या पाकिटातली अडीच वर्षे

१९ मे २००५ रोजी वॉलमार्ट आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून एक घोषणा केली. वॉलमार्ट आपली ऑनलाइन डीव्हीडी भाड्याने देण्याची सेवा बंद करणार होती. तिच्या सभासदांना हवे असेल तर चालू दरातच नेटफ्लिक्सकडे जाता येणार होते. बदल्यात, ज्यांना डीव्हीडी विकत घ्यायची आहे त्यांना नेटफ्लिक्स वॉलमार्टचे दुकान सुचवणार होती. जगातल्या सर्वांत मोठ्या किरकोळ विक्रेत्याने एका तरुण कंपनीपुढे माघार घेतली, असाच या घोषणेचा अर्थ लावला गेला. अर्थ बरोबर होता. पण लहानग्याने पैलवानाला लोळवले एवढेच सांगून थांबलो, तर पैलवानाचे बळ या आखाड्यात का चालले नाही हे कळत नाही. ते कळण्यासाठी थोडे मागे, टपालाच्या पाकिटापर्यंत जावे लागते.

अमेरिकेच्या बाजारात डीव्हीडी मार्च १९९७ मध्ये आली. तोवर घरी चित्रपट बघायचा म्हणजे व्हीएचएस कॅसेट, आणि कॅसेट टपालाने पाठवायची तर ती जड, जागा खाणारी आणि खर्चिक. कॅलिफोर्नियातील रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी चपटी तबकडी साध्या पाकिटातून सुखरूप पोहोचते का हे पाहायचे ठरवले. डीव्हीडी सहज मिळत नव्हती, म्हणून त्यांनी गाण्याची सीडी पाकिटात घालून सांताक्रूझमधल्या हेस्टिंग्ज यांच्या घरच्या पत्त्यावर टाकली. ती न मोडता आली. ऑगस्ट १९९७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १४ एप्रिल १९९८ ला संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा यादीत ९२५ चित्रपट होते.

कॅसेट उशिरा परत केल्याबद्दल हेस्टिंग्ज यांना ४० डॉलर दंड पडला आणि त्या चिडीतून नेटफ्लिक्स जन्मली, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ती सोयीने रचलेली आहे, असे खुद्द रँडॉल्फ यांनी नंतर सांगितले आहे. सुरुवातीची नेटफ्लिक्स तर दर डीव्हीडीमागे वेगळे भाडे घेत असे आणि उशीर झाला की दंडही लावत असे.

हा धंदा उभा राहू शकला तो अमेरिकी कॉपीराइट कायद्यातल्या एका तत्त्वामुळे. कायदेशीर प्रत एकदा विकत घेतली की ती पुढे विकायला किंवा भाड्याने द्यायला चित्रपट कंपनीची परवानगी लागत नाही. गाण्यांच्या तबकड्या भाड्याने देण्यावर तिथे १९८४ मध्ये बंधन आले, चित्रपट मात्र मोकळे राहिले. आपल्याकडे चित्र वेगळे होते. भारतीय कायद्याने चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडेच ठेवला होता. गल्लीबोळातल्या आपल्या कॅसेट लायब्ऱ्या डोळ्यांपुढे आणल्या की हा फरक केवढा मोठा आहे हे लक्षात येते. अमेरिकेत कुणीही दुकानातून डीव्हीडी आणावी आणि भाड्याने द्यावी. म्हणूनच नेटफ्लिक्सला हा धंदा करता आला, आणि म्हणूनच वॉलमार्टलाही त्यात उतरण्यापासून कुणी अडवू शकत नव्हते.

नेटफ्लिक्सची खरी युक्ती १९९९ च्या सप्टेंबरात आली : मासिक वर्गणी. पुढच्या वर्षभरात तिला पक्के रूप मिळाले. महिन्याला १९.९५ डॉलर भरा, एका वेळी तीन डीव्हीडी घरी ठेवा, परतीची तारीख नाही, दंड नाही. एक परत पाठवली की तुम्ही करून ठेवलेल्या यादीतली पुढची निघते. या यादीमुळे कंपनीला प्रत्येक ग्राहक पुढे काय बघणार हे आधीच कळू लागले. शिवाय २००० पासून ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवरून दुसरे चित्रपट सुचवणारी सिनेमॅच ही प्रणाली होती. त्यामुळे गोदामातले जुने, कमी मागणीचे चित्रपटही फिरू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळीवर जागा नसलेले परदेशी चित्रपट, माहितीपट आणि आपले हिंदी चित्रपटसुद्धा अशा यादीतून घरपोच येत. जिथे भारतीय दुकान मैलोगणती दूर, अशा गावात राहणाऱ्या कुटुंबासाठी ही सोय काय असेल याची कल्पना आपण सहज करू शकतो.

पण या धंद्याचे गणित नाजूक होते. जून २००२ नंतर अमेरिकेत साध्या पत्राचा दर ३७ सेंट होता. जायचे आणि यायचे धरून एका डीव्हीडीच्या फेरीला पाऊण डॉलरच्या आसपास टपालखर्च. एखाद्याने महिन्यात बारा डीव्हीडी फिरवल्या तर वीस डॉलरांतले जवळपास नऊ टपालातच गेले. त्याउलट तीन डीव्हीडी टीव्हीवर धूळ खात ठेवणारा ग्राहक फायद्याचा. दोघांचा समतोल साधत, पाकीट हलके ठेवत, यंत्रात अडकणार नाही असे करत कंपनीने पाकिटाचे कितीतरी नमुने बदलले. शेवटी ते प्रसिद्ध लाल पाकीट ठरले.

पैसा मात्र टिकत नव्हता. २००० मध्ये संस्थापकांनी डॅलसला जाऊन ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीला ५ कोटी डॉलरमध्ये कंपनी देऊ केली, ती नाकारली गेली. २००१ मध्ये सुमारे एक तृतीयांश कर्मचारी कमी करावे लागले. मे २००२ मध्ये १५ डॉलर दराने शेअर बाजारात आले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉलमार्टने आपण अशीच सेवा चाचणी म्हणून सुरू करत असल्याचे जाहीर केले. योजनेची रचना तीच आणि दर नेटफ्लिक्सपेक्षा सुमारे एक डॉलरने कमी. जानेवारी २००३ ला संपलेल्या आर्थिक वर्षात वॉलमार्टची विक्री २४४ अब्ज डॉलरच्या घरात होती. नेटफ्लिक्सचे २००२ चे उत्पन्न १५ कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे आकारातला फरक दीड हजार पटींहून अधिक. शिवाय अमेरिकेत सर्वांत जास्त डीव्हीडी विकणारे दुकान वॉलमार्टच होते. गुंतवणूकदार घाबरले यात नवल नाही. त्या महिन्यात नेटफ्लिक्सचा शेअर विक्रीच्या मूळ किमतीच्या निम्म्याहून खाली गेला होता. जून २००३ मध्ये वॉलमार्टने चाचणी संपवून सेवा रीतसर सुरू केली. योगायोग असा की त्याच महिन्यात नेटफ्लिक्सला आपल्या वर्गणी पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले.

आता वॉलमार्टचे बळ कशात होते ते पाहू. पुरवठादाराकडून घासाघीस करून कमीत कमी भाव काढायचा, प्रचंड प्रमाणात माल आणायचा, तो दुकानात ओतायचा आणि लोक गाडी घेऊन येतात. टपालाने डीव्हीडी पाठवायच्या धंद्यात यातले फारसे काही कामाला येत नाही. टपाल खाते सरकारी, त्याच्याशी भावाची घासाघीस कशी करणार? ३७ सेंट नेटफ्लिक्सलाही आणि वॉलमार्टलाही. डीव्हीडी स्वस्तात मिळाली तरी तो खर्च एकदाचा, फेऱ्यांचा खर्च दर महिन्याचा. आणि दुकान उभारून ग्राहक जवळ येत नाही, त्याच्याजवळ टपालपेटी असते.

नेटफ्लिक्सने हे आधी ओळखले होते. सगळा माल कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतून निघत असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपरिसरात, म्हणजे सॅन होजेच्या आसपास, वर्गणीदार जास्त आणि इतरत्र कमी, असे का, हा प्रश्न तिला पडला होता. उत्तर टपालाच्या दिवसांत सापडले. पाकीट दुसऱ्या दिवशी पोहोचले की लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, चार दिवस लागले की सांगत नाहीत. म्हणून तिने देशभर लहान लहान वितरण केंद्रे काढली, २००५ पर्यंत ती तिसाच्या वर गेली. वॉलमार्टकडे या कामासाठी मोजकीच केंद्रे होती. मला वाटते, लढाई इथेच ठरली. एक डॉलर वाचवण्यासाठी शनिवारी रात्री हवा असलेला चित्रपट मंगळवारी मिळणे बहुतेकांना परवडत नाही.

शिवाय वॉलमार्टसाठी ही सेवा म्हणजे महासागरातला थेंब. नेटफ्लिक्ससाठी तोच सगळा समुद्र होता, आणि ती दर आठवड्याला त्यात काही ना काही सुधारत होती. २००२ अखेर तिचे साडेआठ लाखांवर सभासद होते, फेब्रुवारी २००३ मध्ये १० लाख झाले, २००४ अखेर २६ लाख. वॉलमार्टने आपल्या सभासदांचा आकडा जाहीर केला नाही.

नेटफ्लिक्सला खरा घाम फुटला तो ऑगस्ट २००४ मध्ये ब्लॉकबस्टरने ऑनलाइन सेवा काढली तेव्हा. अॅमेझॉनही उतरणार अशी चर्चा होती. नेटफ्लिक्सने त्याच वर्षी २१.९९ डॉलरपर्यंत वाढवलेला दर ऑक्टोबरमध्ये एकदम १७.९९ वर आणला. ब्लॉकबस्टर १७.४९ वर आली, वॉलमार्ट १७.३६ वर. डिसेंबरात ब्लॉकबस्टरने १४.९९ केला. या घसरणीत सर्वांत कमी सभासद असलेल्याला तग धरण्यात काहीच अर्थ उरला नाही. जानेवारी २००५ मध्ये हेस्टिंग्ज वॉलमार्ट डॉट कॉमचे प्रमुख जॉन फ्लेमिंग यांना भेटले आणि चार महिन्यांत तो समझोता झाला. वॉलमार्ट डीव्हीडी विकण्यात तरबेज, नेटफ्लिक्स भाड्याने देण्यात, तेव्हा आपापले काम आपापल्याकडे.

पण दोन स्पर्धकांनी बाजार वाटून घेतला की काय, हा प्रश्न राहिलाच. २००९ पासून अमेरिकेत नेटफ्लिक्सच्या सभासदांच्या वतीने दावे दाखल झाले. म्हणणे असे की वॉलमार्ट बाजूला गेली नसती तर आपला दर कमी राहिला असता. मला हा आक्षेप गैरलागू वाटत नाही. दोन कंपन्यांचे प्रमुख भेटून एकाने क्षेत्र सोडावे आणि दुसऱ्याने बदल्यात त्याची जाहिरात करावी, याकडे ग्राहकाने संशयाने पाहणे योग्यच. वॉलमार्टने २०११ मध्ये २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर देऊन आपल्यापुरता दावा मिटवला. नेटफ्लिक्स लढली, त्याच वर्षी कनिष्ठ न्यायालयात जिंकली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. न्यायालयाच्या विचारात ब्लॉकबस्टरचा तो कमी दर आला : कितीतरी मोठा स्पर्धक तीन डॉलरने स्वस्त सेवा देत असतानाही नेटफ्लिक्सने आपला १७.९९ चा दर खाली आणला नव्हता, मग वॉलमार्टसारख्या किरकोळ वाट्याच्या स्पर्धकासाठी तो उतरवला असता, असे मानायला पुरावा काय?