छत्री झाडाची नव्हे, पाचोळ्याची

जुलैच्या पावसात सागाच्या लागवडीत उभं राहिलं, की अंगावर दोन तऱ्हेचे थेंब पडतात. पानांच्या फटींतून थेट येणारे बारीक, आणि सुपाएवढ्या पानांवर साठून टोकावरून घरंगळणारे टपोरे. हे टपोरे थेंब 5 मि.मी.पर्यंत मोठे असतात. दहा मीटर उंचीवरून सुटलेला असा थेंब जमिनीशी पोचेपर्यंत सेकंदाला साडेआठ मीटरच्या आसपास वेग घेतो. म्हणजे तो जवळपास ढगातून आल्याइतक्याच जोरात आदळतो. आभाळातून पडणाऱ्या 2 मि.मी.च्या थेंबाशी तुलना केली, तर त्याचा तडाखा पंचवीसपटींहून जास्त भरतो. झाड पावसाचा मार अडवतं असं आपण शाळेपासून वाचत आलो, पण उंच झाडाखाली जमीन उघडी असेल तर तिथे माती मोकळ्या माळापेक्षाही जास्त उडते. सागाच्या बुंध्याला वीतभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे दिसतात, ते यामुळेच.

मग जंगलात माती टिकते कशी? तळाला असलेल्या झुडपांमुळे आणि त्याहून जास्त पाचोळ्यामुळे. कोकणात याला पातेरा म्हणतात. आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात वर्षाला हेक्टरी साधारण 5 ते 10 टन पातेरा पडतो, म्हणजे चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. तो हाताने हळूहळू बाजूला करत गेलं तर थर स्पष्ट दिसतात. वर अख्खी, करकरीत पानं. त्याखाली जाळी झालेली, एकमेकांना चिकटलेली ओलसर पानं, त्यांवर बुरशीचे पांढरे धागे. त्याच्याही खाली पान ओळखूच येत नाही, नुसता काळा भुगा, ओल्या जमिनीच्या वासाचा. हा भुगा खालच्या मातीत कुठे संपतो ते सांगता येत नाही, कारण गांडुळं आणि वाळवी ती सीमा रोज पुसत असतात.

इथून मातीचं खरं काम सुरू होतं. माती म्हणजे नुसते खडकाचे कण नव्हेत. चांगल्या मातीच्या एकूण आकारमानात खनिज कण 45 टक्क्यांच्या आसपास, सेंद्रिय पदार्थ जेमतेम 5 टक्के, आणि उरलेली निम्मी जागा पोकळी असते, हवा आणि पाण्यासाठी. 0.002 मि.मी.हून बारीक कण ती चिकणमाती, 0.05 मि.मी.पर्यंत पोयटा, त्यापुढे 2 मि.मी.पर्यंत वाळू. जंगल हे प्रमाण बदलू शकत नाही, ते खडकाकडून आलेलं असतं. जंगल बदलतं ती कणांची बांधणी. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट स्राव बारीक कणांचे रवे बांधतो, आणि रव्यांमध्ये मोठ्या पोकळ्या राहतात.

हे घरी तपासता येतं. देवराईच्या कडेचं एक आणि शेजारच्या शेतातलं एक, अशी सुपारीएवढी दोन ढेकळं सावलीत पूर्ण वाळवायची. चहाच्या गाळणीत ठेवून ती पाण्याने भरलेल्या पेल्यात अलगद बुडवायची आणि पाच मिनिटं बघायचं. पाणी आत शिरताना अडकलेली हवा दाबली जाते आणि ढेकूळ आतून फोडते. सेंद्रिय गोंद असलेलं ढेकूळ हा दाब सोसतं, नांगरून नांगरून कर्ब (कार्बन) संपलेलं ढेकूळ पेल्याच्या तळाशी चिखल होऊन बसतं. मात्र दोन्ही ढेकळं एकाच जातीच्या मातीची हवीत. काळ्या मातीतली चिकणमाती मुळातच फुगणारी, तिची तुलना तांबड्या मातीशी केली तर निष्कर्ष फसतो.

दुसरी चाचणी पाणी मुरण्याची. 15 सें.मी. व्यासाचा, 12-13 सें.मी. उंचीचा, दोन्ही बाजूंनी उघडा डबा किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. वरची सुटी पानं उचलून, गवत न उपटता कात्रीने कापून (उपटलं तर मुळांबरोबर मातीची बांधणी मोडते), डबा लाकडी फळी ठेवून 7-8 सें.मी. ठोका. आत प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर 440 मि.लि. पाणी ओता आणि कागद हळूच ओढून घ्या. हे पाणी 25 मि.मी. पावसाएवढं होतं. पहिलं ओतणं माती भिजवण्यासाठी, दुसऱ्याची वेळ मोजायची. डब्याच्या कडेला फट राहिली तर पाणी तिथूनच पळतं आणि माती आहे त्यापेक्षा चांगली वाटते. खाली दगड लागला तर उलट. म्हणून पाच ठिकाणी मोजा आणि मधला आकडा धरा.

बांधणी मोडलेल्या चिकणमातीत पाणी तासाला 1 ते 5 मि.मी. एवढंच मुरतं, म्हणजे हे 25 मि.मी. संपायला पाच तासांच्या पुढे. त्याच चिकणमातीवर पन्नास वर्षं पातेरा पडत राहिला असेल तर ते मिनिटांत संपू शकतं. उघड्या जमिनीवर थेंबांच्या माऱ्याने सुटलेले बारीक कण पोकळ्यांच्या तोंडात बसतात आणि वर खपली धरते. घाटातली सर सहज तासाला 40-50 मि.मी.ने कोसळते, आणि खपलीवरून ती सरळ ओढ्याला लागते, सोबत माती घेऊन.

म्हणूनच वणव्याचं नुकसान झाडांच्या जळण्यावरून मोजू नये. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे लागणारी आग बहुतेक जमिनीलगत पळते, मोठी झाडं त्यातून वाचतात आणि पावसाळ्यात डोंगर पुन्हा हिरवा दिसतो. माती वाईट उष्णतावाहक असल्याने दोन-चार सें.मी. खाली फारशी भाजतही नाही. गेलेला असतो तो पातेरा. त्यातला नायट्रोजन 200 अंशांच्या वर वायू होऊन उडतो, पालाश (पोटॅशियम) आणि कॅल्शियम राखेत उरतात आणि पहिल्या वळवाबरोबर उतारावरून जातात. पानांतले मेणचट पदार्थ वाफ होऊन किंचित खाली जाऊन गोठतात, आणि मातीला पाणी न शोषणारा पातळ पापुद्रा येतो. राब भाजणारा, म्हणजे तोडलेल्या फांद्या आणि पाला भाताच्या रोपवाटिकेवर पसरून जाळणारा कोकणी शेतकरी मात्र अडाणी नव्हता. रोपवाटिकेच्या तुकड्यापुरतं तण मरतं, राखेतून पालाश मिळतं, भाताची रोपं सहज उपटता येतात. पण त्यासाठी दरवर्षी फांद्या तोडल्याने खुरटत गेलेल्या ऐनाच्या झाडांचा हिशोबही त्याच खात्यावर मांडायला हवा.

सह्याद्रीत पातेऱ्याचं मोल जास्त का, याचं उत्तर खडकात आहे. महाबळेश्वर आणि सोलापूर, दोन्हींखाली तोच बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सोलापुरात वर्षाला सातशे मि.मी.च्या आसपास पाऊस, तिथे त्याची फुगणारी, अन्नद्रव्यं धरून ठेवणारी काळी माती झाली. महाबळेश्वरात पाच हजार मि.मी.हून जास्त पावसाने चुना, पालाश, सिलिका सगळं धुऊन नेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं, तोच जांभा. जांभ्यातल्या चिकणमातीची अन्नद्रव्यं धरण्याची ताकद काळ्या मातीच्या दहाव्या हिश्शाइतकीच, वर लोह स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट बांधून ठेवतं. म्हणजे घाटमाथ्याच्या जंगलाची शिदोरी खडकात नसून वरच्या वीतभर थरात फिरत असते. हा थर वाहून गेला आणि खालचा मऊ जांभा पुन्हा पुन्हा भिजत-वाळत राहिला, की तो टणक होतो. खाणीतून काढलेला ओला चिरा हवेवर टणक होतो, तशीच ही क्रिया.

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. अनेक देवरायांत वाळकं लाकूडही उचलायला मनाई असे. श्रद्धेचा भाग सोडला, तरी मातीच्या दृष्टीने हाच नियम सगळ्यांत महत्त्वाचा. देवराईपाशी झरे का आढळतात, याच्या उत्तराचा एक भाग त्यात आहे. एकच भाग, कारण झाडं पाणी पितातही. निलगिरी पर्वतात गवताळ कुरणांवर युकॅलिप्टस लावल्यावर ओढ्यांचं पाणी घटल्याचं प्रत्यक्ष मोजणीत दिसलं. झाड लावलं की झरा वाढतो, असं सरसकट म्हणता येत नाही. मुरणारं जास्त की पिऊन टाकलेलं, त्यावर ते ठरतं.

जंगलातला पातेरा पोती भरून बागेत आणणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं. वाळक्या पानात नायट्रोजनच्या पन्नासपट किंवा अधिक कर्ब असतो. तो तसाच मातीत गाडला तर कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी मातीतला नायट्रोजन ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. कर्ब तीसपटींच्या आसपास आणायला पानांत शेण किंवा हिरवा पाला मिसळून, ओल राखून, पानं ओळखू येईनाशी होईपर्यंत कुजवावं लागतं. घाई असेल तर गाडू नये, वर नुसतं पसरावं. आणि त्यासाठी रस्त्याकडेची, अंगणातली पानं पुरतात.