साठ मिनिटं आणि इंदूरची लाईट

'प्रिन्स ऑफ पर्शिया' या कॉम्प्युटर गेमचा नवा भाग आला की मी आजही हातातलं काम टाकून बसतो. हे वेड लागलं ते इंदूरला, रामबागेतल्या काकांच्या माडीवर. काकांचा कॉम्प्युटर हिशेबासाठी होता, पण रविवारी दुपारी काका झोपले की तो दादाचा आणि माझा.

राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं, बारा लेव्हल. मेलात तर ती लेव्हल पहिल्यापासून, घड्याळ मात्र थांबत नाही. आमच्याकडे त्या घड्याळावर आणखी एक घड्याळ होतं, ते लाईटचं. 'कंट्रोल-जी' दाबून खेळ सेव्ह करता यायचा, पण तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच. त्याआधी लाईट गेली की पुन्हा श्रीगणेशा. यूपीएस पीं-पीं करायला लागला की दादा ओरडायचा, "अरे जी दाब, जी!" 2000 साली छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि मध्य प्रदेशातली टंचाई आणखी वाढली. आमचा राजपुत्र त्या वर्षी सारखा तळघरातच अडकलेला.

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने रचला. 1985 पासून खपून 1989 मध्ये तो ॲपल-टू कॉम्प्युटरवर आणला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला-उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चौकट बघून राजपुत्र काढला. म्हणून त्याला वजन आहे. धावता धावता तो एकदम थांबत नाही, घसरतो. शिफ्ट दाबून पाऊल-पाऊल कडेपर्यंत न्यायचा आणि मग उडी. बोटांवर लटकला की आपलेच खांदे भरून यायचे.

आणि सावली! मेकनरला राजपुत्रासमोर शत्रू हवा होता, पण नवीन माणूस मावेल एवढी मेमरीच नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून एकमेकांवर चढवली आणि एक भुरकट आकृती तयार झाली. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा आडवा येतो, त्यातून उडी मारली की ती पलीकडून बाहेर पडते. पुढे आपल्या तोंडावर दार लावून आपल्याला खाली पाडते. बाराव्या लेव्हलला समोर तलवार घेऊन उभी, आणि तिला मारलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो. आमचे दोन रविवार त्यात गेले. शेवटी दादा कंटाळला, तलवार म्यान केली आणि सरळ तिच्या अंगावर चालत गेला. दोघं एक झाले. काका उठतील म्हणून आम्ही तोंड दाबून ओरडलो.

2003 च्या नोव्हेंबरात 'द सँड्स ऑफ टाइम' आला, तेव्हा इकडे बिजली-सडक-पानीवर निवडणूक चालली होती. आता वेळ संपत नव्हता, खंजिराच्या जोरावर उलटा फिरवता येत होता. कथेची सुरुवातही एका हिंदुस्थानी महाराजाच्या महालावरच्या स्वारीने. राजपुत्र स्वतःच गोष्ट सांगत असतो. आपण पडून मेलो की तो म्हणतो, छे, असं नव्हतं झालं. घोळ झाल्यावर मागे येऊन आख्यान पुन्हा धरणारा कीर्तनकारच तो. 2004 चा भाग उगाच काळाकुट्ट केला होता, त्यावर मी फार बोलत नाही. मालिकेचाच एक फाटा म्हणून सुरू झालेला खेळ 2007 मध्ये 'असॅसिन्स क्रीड' या नावाने बाहेर पडला आणि थोरल्यापेक्षा मोठा झाला. 2024 चा 'द लॉस्ट क्राउन' पुन्हा पहिल्या खेळासारखा, बाजूने दिसणाऱ्या आडव्या पडद्यावर उतरला, आणि झकास उतरला.

मधल्या काळात, 2020 मध्ये, 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने करण्याचं काम चक्क हा खेळ काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या पुण्या-मुंबईतल्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं. ट्रेलरवर लोकांनी टीकेची झोड उठवली आणि 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेलं. ट्रेलर आला त्या रात्री मी दादाला फोन केला होता. चेहरे लाकडी आहेत म्हणून मी कुरकुरत होतो. तो म्हणाला, "चेहऱ्याचं सोड रे. लटकल्यावर पाय हलतात का, ते बघ."