आतड्याचा जोड आणि पहिले सात दिवस

गाठ, पीळ किंवा छिद्र यांमुळे आतड्याचा तुकडा कापून काढावा लागला, की उरलेली दोन टोके पुन्हा जोडतात. ऑपरेशन पार पडते, रुग्ण शुद्धीवर येतो, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. जोडाची खरी परीक्षा मात्र अजून व्हायची असते.

आतड्याच्या भिंतीला चार थर असतात. टाका पेलण्याची ताकद असते ती आतल्या अस्तराला लागून असलेल्या चिवट, तंतुमय थरात. तो सोडून नुसत्या स्नायूत घेतलेला टाका ऊती कापत निघून येतो. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी 1887 मध्ये हे दाखवून दिले. हा थर बळकट असतो तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंमुळे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत जखमेभोवती जमलेल्या पांढऱ्या पेशी अशी विकरे सोडतात, की टाक्यांजवळचे जुने कोलॅजेन विरघळू लागते. नवे अजून पुरेसे तयार झालेले नसते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास जोड सर्वांत कमकुवत असतो आणि बहुतांशी टाक्यांच्या भरवशावर टिकतो. पाचव्या दिवसापासून नवे तंतू भार उचलू लागतात.

जोड गळतो, म्हणजे त्यातून आतड्यातला ऐवज पोटात झिरपतो, त्याची मोठी कारणे दोन: रक्तपुरवठा कमी पडणे आणि टोकांवर ताण येणे. म्हणून कापलेल्या कडेतून लालभडक रक्त येते का आणि दोन्ही टोके ओढाताण न करता एकमेकांना टेकतात का, हे टाके घालण्याआधी पाहतात. गुदाशयाचा जोड असेल तर ओटीपोटात पाणी भरून गुदद्वारातून हवा सोडतात. बुडबुडे आले तर जोड तिथल्या तिथे दुरुस्त होतो. धूम्रपान, कुपोषण आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांनीही धोका वाढतो.

पोटभर पू पसरलेला आहे, रक्तदाब औषधांनी कसाबसा टिकवून धरला आहे, अशा वेळी जोड घालण्याचा हट्ट धरू नये. आतड्याचे तोंड पोटावर काढून, म्हणजे स्टोमा करून, थांबणे शहाणपणाचे. नातेवाइकांना तो ऑपरेशन फसल्याचा पुरावा वाटतो. प्रत्यक्षात अशा रुग्णाचा जीव त्यामुळेच वाचतो, आणि प्रकृती सुधारल्यावर बऱ्याच जणांचा स्टोमा काही महिन्यांनी बंदही करता येतो.

गळतीची सुरुवात अनेकदा गुपचूप होते. वेदनाशामके चालू असल्याने दुखणे झाकले जाते, ताप उशिरा येतो. आधी वाढते ती नाडी. झोपून असलेल्या रुग्णाची नाडी मिनिटाला 100 च्या वर टिकून आहे, श्वास 20 हून जास्त आहे, तो अस्वस्थ आहे किंवा असंबद्ध बोलतो आहे, पोट फुगते आहे, तर ‘ऑपरेशन झालंय, एवढं होणारच’ म्हणून सोडून देणे घातक ठरते. रक्तातील सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची पातळी) दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढतेच. त्यानंतर ती उतरायला हवी. चौथ्या दिवशीही ती लिटरला 150 मिलिग्रॅमच्या वर असेल तर सीटी स्कॅनचा विचार करावा लागतो. रुग्ण स्थिर असेल आणि पू एका जागी साठला असेल, तर सीटी किंवा सोनोग्राफीत पाहून नळी घालून तो काढता येतो. पोटभर पसरला असेल तर पुन्हा ऑपरेशन, आणि तेही सकाळची वाट न पाहता.

आता खाण्याचा प्रश्न. ‘गॅस पास होईपर्यंत तोंडाने काही नाही’ ही जुनी रीत जोडाला विश्रांती मिळावी म्हणून पडली. पण माणूस उपाशी असला तरी आतडे कोरडे राहत नाही: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असे दिवसाला सुमारे सात लिटर पाचकरस शरीर तयार करतच असते. ऑपरेशननंतर लहान आतडे साधारण 24 तासांत हालचाल करू लागते, जठराला 24 ते 48 आणि मोठ्या आतड्याला 48 ते 72 तास लागतात. म्हणूनच ठरवून केलेल्या ऑपरेशननंतर, उलट्या नसतील तर पहिल्या 24 तासांतच पातळ पदार्थ सुरू करतात. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. ऑपरेशनपूर्वीचा उपासही आता आटोपशीर झाला आहे: घन अन्न सहा तास आधी बंद, पण साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. जठर उशिरा रिकामे होणारे किंवा आतडे तुंबलेले रुग्ण याला अपवाद.

आतडे सुस्तावण्यामागे उपचार करणाऱ्यांचीही दोन कृत्ये असू शकतात: गरजेपेक्षा जास्त सलाईन, ज्याने आतड्याच्या भिंतीला सूज येते, आणि मॉर्फिनसारखी औषधे. त्यामुळे दुखणे शक्यतो पॅरासिटामॉल आणि नसा बधिर करणाऱ्या इंजेक्शनने आवरतात. रुग्णाला शक्य तेव्हा त्याच दिवशी खुर्चीत बसवतात, दुसऱ्या दिवशी चालवतात. पायांतल्या रक्ताच्या गुठळ्या आणि न्यूमोनिया यांचा धोका कमी करायलाही हे चालणे उपयोगी पडते.

घरी गेल्यावरही पोट वाढत जाऊन दुखणे, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, थांबत नसलेल्या उलट्या, गॅस आणि शौच दोन्ही बंद होणे, जखमेतून पू किंवा हिरवट-पिवळा स्राव, पोटरीला सूज, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात परतावे. जखमेतून अचानक गुलाबी पाणी वाहू लागले तर पोटाच्या भिंतीचे आतले टाके सुटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी जखमेवर स्वच्छ ओले कापड ठेवावे, रुग्णाला गुडघे किंचित दुमडून झोपवावे, तोंडाने काही देऊ नये आणि लगेच निघावे.