ड्राइव्ह ठणठणीत, नाव मात्र दुसऱ्याचं

रात्री अडीचला कन्व्हेयरचा ड्राइव्ह, म्हणजे त्याची मोटर चालवणारा डबा, जळाला. स्टोअरमधून सेम मॉडेल आणला, बसवला, केबल लावल्या, पॉवर दिली आणि पॅनलवरचा लाल दिवा काही जायला तयार नाही. केबल दोनदा काढून लावली, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे, शेवटी लॅपटॉप जोडला तेव्हा कळलं की ड्राइव्ह एकदम ठणठणीत आहे, फक्त त्याचं नाव दुसऱ्याच लाइनवरचं आहे.

मशिनला नाव? हो. कारखान्यात पीएलसी म्हणजे मुख्य कंट्रोलर, आणि त्याच्याशी ड्राइव्ह, सेन्सर, व्हॉल्व्ह वगैरे इथरनेट केबलने जोडायची एक पद्धत म्हणजे प्रोफिनेट. यात प्रत्येक डिव्हाइसला मॅक अ‍ॅड्रेस असतो, ४८ बिटचा, कंपनीतूनच आलेला. आयपी अ‍ॅड्रेसही असतो, पण आपल्याला वाटतं तसा तो मोठा मानकरी नाही, बहुतेक वेळा तो पीएलसीच नंतर वाटतो. आधी बघितलं जातं नाव. पॉवर आली की पीएलसी सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतो, 'कन्व्हेयर-७ कोण?' ज्याचं ते नाव तो आपल्या मॅक अ‍ॅड्रेससकट ओ देतो, मग त्याला आयपी मिळतो आणि खरं काम सुरू होतं. या हजेरीच्या भाषेला डीसीपी म्हणतात. कोणीच ओ दिली नाही तर पीएलसी विचारत राहतो, आणि दोघांनी दिली तर आणखीनच घोळ.

प्रोफिबस या प्रोफिनेटच्या आधीच्या पद्धतीत हे सोपं होतं, बऱ्याच डिव्हाइसवर अ‍ॅड्रेससाठी बारके स्विच असायचे, जळालेल्यावर बघून नव्यावर तसेच लावले की झालं. नाव मात्र आत मेमरीत असतं, पॉवर गेली तरी जात नाही, आणि बाहेरून दिसत पण नाही.

नाव द्यायचं तर लॅपटॉप त्याच नेटवर्कमध्ये हवा, कारण डीसीपी थेट मॅक अ‍ॅड्रेसवर चालतं, राउटर ओलांडत नाही. एका पॅनलमध्ये आठ सारखे ड्राइव्ह असतील तर आधी लॅपटॉपवर 'फ्लॅश एलईडी' दाबायचं, ज्याचा दिवा लुकलुकेल तो आपला. आळस करून अंदाजाने नाव दिलं की चुकीचा कन्व्हेयर फिरतो, हे मी गमतीत सांगत नाहीये.

नावात इंग्रजी लहान अक्षरं, आकडे, हायफन आणि डॉट एवढंच चालतं. स्पेस नाही, अंडरस्कोर नाही. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये, म्हणजे पीएलसी प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तुम्ही बिनधास्त 'पीएलसी_१' लिहिता, तो काही बोलत नाही, पण आतल्या आत त्याचं 'पीएलसीएक्सबी१डी०ईडी' करून टाकतो, आणि दुसऱ्या टूलमधून बघितलं की वाटतं हा कोण परका आला!

आता खरी भारी गोष्ट. लॅपटॉपशिवायही नाव नव्या डिव्हाइसवर जाऊ शकतं. काही डिव्हाइसमध्ये नाव मेमरी कार्डवर असतं, जुन्याचं कार्ड काढून नव्यात घातलं की संपलं. दुसरा उपाय शेजाऱ्यांचा. प्रोफिनेटमधली डिव्हाइस एलएलडीपी नावाच्या प्रोटोकॉलने शेजाऱ्याला सतत सांगत असतात, मी अमुक, आणि हा माझा अमुक पोर्ट. नव्या ड्राइव्हला स्वतःचं नाव नसलं तरी ते ऐकून कळतं की आपण 'कन्व्हेयर-६'च्या दोन नंबर पोर्टाला लागलोय. कोणत्या पोर्टाला कोण हे पीएलसीच्या प्रोजेक्टमध्ये आधीच काढून ठेवलेलं असतं, मग पीएलसी हाक मारतो, 'कन्व्हेयर-६च्या दोन नंबर पोर्टाशेजारचा कोण?' चाळीत कसं, बाईंचं नाव कोणाला माहीत नसतं पण 'बंड्याची आई' म्हटलं की त्याच ओ देतात, तसंच. ओ आली की पीएलसी त्याचं बारसं करून टाकतो. केबल मात्र त्याच पोर्टात हवी, इकडची तिकडे लावली की हिशोब चुकला.

आमच्या प्रोजेक्टमध्ये ही सोय चालू होती. मग त्या रात्री अडलं कुठे? पीएलसी असं बारसं सहसा बिननावाच्याच डिव्हाइसचं करतो. मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर दुसऱ्याचं नाव पुसून आपलं लिहीत नाही, आणि आमचा 'स्पेअर' म्हणजे पॅकिंग लाइनवरून काढून ठेवलेला जुना ड्राइव्ह, तिथलं नाव पोटात घेऊन आलेला. फॅक्टरी रिसेट मारला, पॉवर काढून परत दिली, आणि थोड्याच वेळात हिरवा दिवा. चहा तोवर गार झाला होता. आता स्टोअरच्या रॅकवर खडूने लिहिलंय, रिसेट केल्याशिवाय ठेवू नये.